फॉर्मवरचा पंधरावा रकाना

प्रति,
मा. वैद्यकीय संचालक,
(लॅबचं नाव इथे लिहीत नाही. वाचल्यावर तुमचं तुम्हाला कळेलच.)

महोदय,

‘सविनय नमस्कार’ मागच्या चारही पत्रांत घातला होता. या वेळी गाळते. चार महिन्यांत तुमच्याकडून आलं ते एवढंच : ‘आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे’ आणि खाली चांदण्या देण्याची लिंक.

बिल नंबर, तारीख सगळं तुमच्याकडे आहे. आता फक्त काउंटरवरचा फॉर्म काढून समोर ठेवा. नाव, वय, मोबाइल, उपाशीपोटी आहात का, कूपन कोड, ऑफर्स व्हॉट्सअ‍ॅपवर हव्यात का... चौदा रकाने आहेत, मी मोजलेत. ‘गर्भनिरोधक गोळ्या घेता का? शेवटची कधी घेतली?’ हा पंधरावा रकाना नाही. रक्त घेणाऱ्या मुलीनं विचारलं नाही, सही करणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं नाही.

मी ४२ वर्षांची. अकरा वर्षं गोळ्या घेतल्या. दुसरं मूल हवंच होतं असं नाही. हवं का, हे ठरवण्याआधी आपण कुठे आहोत ते कळावं, एवढंच होतं; म्हणून तुमचं तपासणीचं पॅकेज घेतलं. शेवटची गोळी शनिवारी रात्री घेतली. मंगळवारी रक्तस्राव सुरू झाला. ‘पाळीचा दुसरा दिवस, अगदी बरोबर वेळेला आलात,’ म्हणत बुधवारी तुम्ही रक्त घेतलंत. अहो, ती पाळी नव्हतीच! गोळी थांबली की गर्भाशयाचं अस्तर सुटतं, तो रक्तस्राव होता.

रिपोर्ट आला. एएमएच, म्हणजे बीजसाठ्याचा अंदाज देणारं संप्रेरक, ०.६, लाल अक्षरात ‘लो’. एफएसएच २.१. इस्ट्राडिओल २० च्या खाली. वीस मिनिटांत तुमच्या समुपदेशक बाई म्हणाल्या, ‘मॅडम, एग्ज संपत आलीत. डोनर एगचाच विचार करा.’ २ लाख ४० हजारांचं कोटेशन त्यांनी रिपोर्टवरच स्टेपल केलं होतं. पिन काढल्याशिवाय डॉक्टरांची सही दिसत नव्हती.

मी शाळेत हिशेब लिहिते. दोन आकडे एकमेकांशी जुळत नसले की मला झोप लागत नाही. बीजकोश खरंच थकले असते, तर त्यांना जागं करण्यासाठी पियूषिका ग्रंथीनं एफएसएच वाढवला असता. माझा होता २.१. एफएसएच आणि इस्ट्राडिओल दोन्ही असे दबलेले, म्हणजे गोळीचा अंमल अजून उतरलेला नाही. एएमएचसुद्धा गोळीमुळे खाली जातो आणि ती थांबवल्यावर काही आठवड्यांत सावरतो. हे मला, एका हिशेबनिसाला, वाचून कळलं. तुमच्याकडे एमडी आहेत.

तीन महिन्यांनी दुसरीकडे तपासणी केली. एएमएच १.१, एफएसएच ८.४, इस्ट्राडिओल ४६. बाई तीच, बीजकोश तेच.

बेचाळिशीत मूल राहणं सोपं नाही, हे मला कळतं; त्यासाठी पॅकेज घ्यावं लागत नाही. पण ०.६ वरून तुम्ही जो निकाल दिलात, तो त्या तपासणीतून निघतच नाही. वंध्यत्वाचा इतिहास नसलेल्या, ३० ते ४४ वयाच्या ७५० स्त्रियांचा अमेरिकी अभ्यास २०१७ साली ‘जामा’त आला. एएमएच कमी असलेल्यांना सहा पाळीचक्रांत दिवस राहण्याची शक्यता ६५ टक्के, नेहमीसारखा असलेल्यांना ६२ टक्के. उपचारात किती बीजं हाती लागतील याचा अंदाज हा आकडा देतो. आपणहून दिवस राहतील की नाही, ते सांगत नाही.

आणि याची उलटी बाजू? असाच रिपोर्ट हातात घेऊन एखादी पंचेचाळिशीची बाई ‘चला, सुटले’ म्हणत काळजी घेणं सोडेल आणि तिला दिवस राहतील. ब्रिटनमध्ये पन्नाशीच्या आतल्या बाईला शेवटच्या पाळीनंतर दोन वर्षं गर्भनिरोधन चालू ठेवायला सांगतात. संयुक्त गोळ्या घेणाऱ्या बाईची रजोनिवृत्ती एफएसएचवरून ठरवू नका, असं तिथल्या ‘नाइस’ या संस्थेनं २०१५ सालीच लिहून ठेवलंय. तुमच्या ‘चाळिशीनंतर ती’ पॅकेजच्या गुलाबी पत्रकावर यातलं अक्षर नाही. ४,९९९ रुपये मात्र ठळक आहेत.

मला पैसे परत नकोत. फॉर्मवर पंधरावा रकाना घाला. गोळी नुकतीच थांबली असेल तर रिपोर्टवर तसं छापा. आणि रिपोर्ट देणाऱ्या टेबलावर कोटेशन ठेवू नका. ज्या लॅबचं पोट आयव्हीएफ केंद्रावर चालतं, तिच्या लाल अक्षरांवर मी तरी पुन्हा विश्वास ठेवणार नाही.

हे वाचणाऱ्या बायांनो, रक्त देण्याआधी गोळीचं नाव आणि शेवटच्या गोळीची तारीख फॉर्मच्या कोपऱ्यात स्वतःच लिहा. विचारणार कुणी नाही.

आपली,
एक ग्राहक, पुणे