जात्यावरच्या ओवीला धनीण नाही काय?

गंगाखेडच्या जनाबाईचे नाव आपल्या परभणी जिल्ह्यात कोणास ठाऊक नाही? नामदेवांच्या घरी दळणकांडण करणाऱ्या या दासीचे बोल शतकानुशतके टिकले. कारण वारकऱ्यांनी ते कंठात धरिले व कोणीतरी वहीत उतरविले. पण तिच्यामागून त्याच जात्यावर बसलेल्या हजारो बाया काय मुक्या होत्या?

वाचकहो, आपण सहज म्हणतो, "ओवी लोकांची, ती कोणी रचली हे ठाऊक नाही." ठाऊक नाही, की आपण विचारलेच नाही? अमक्या सुताराची तिफण बरी चालते, तमक्या कुंभाराचा माठ पाणी गार ठेवतो, हे आपण नाव घेऊन सांगतो. मग बाईच्या ओवीलाच धनीण का नसावी?

पूर्णा तालुक्यातील ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचेच पाहा. सीतेच्या वनवासाच्या ओव्या गाणारा त्यांचा आवाज 1996 साली ध्वनिमुद्रित झाला. हेमा राईरकर व फ्रान्सात जन्मलेले गी पॉइट्वाँ यांनी गावोगाव फिरून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या, व ओवीबरोबर गाणारणीचे नाव आणि गावही टिपले. आज 'पारी' संस्थेमार्फत त्यांतल्या काही कोणालाही मोबाइलवर ऐकता येतात. सातासमुद्रापलीकडच्या माणसास जी किंमत कळली, ती शेजारच्या घरास कळू नये काय?

खानदेशच्या बहिणाबाई चौधरी निरक्षर होत्या. त्या 1951 साली वारल्या. गाणी पुस्तकरूपाने 1952 साली निघाली. मुलगा सोपानदेव कवी होता, लिहून घेणारे घरात होते, म्हणून ती वाचली. ज्या घरात लेखणीच नव्हती, तेथील किती बहिणाबाई मातीस मिळाल्या असतील!

दुसऱ्यास बोल लावण्यापूर्वी माझा अपराध सांगतो. मी अध्यापक विद्यालयात शिकत होतो. गावात गिरणी आली होती, तरी आई डाळ घरच्या जात्यावर भरडी. सुटीत पहाटे तिचा आवाज ऐकू आला की मी पांघरूण ओढून म्हणे, "आई, पुरे कर गाणं, झोपू दे." ती गप्प होई, जाते तेवढे फिरत राही. गिरणीबद्दल माझी तक्रार नाही; तिने बायांचे खांदे वाचविले. पण आई गेली, आणि तिने माझे नाव घालून रचलेली ओवी आज मला आठवत नाही. चार पुस्तके शिकून मी मास्तर झालो, ते हेच शिकलो काय?

जत्रेत बॅन्डवाल्यास आपण बिदागी देतो, ते योग्यच आहे. पण लग्नाच्या हळदीत घसा कोरडा होईतो गाणारीस सुपारीपलीकडे काय मिळते? तीही कलावंतच आहे. तिचा मान करावा, बोलाविले तर बिदागीही द्यावी.

मी माझ्या वर्गात एक वही घातली आहे. पोरांनी आजीच्या ओव्या तिला विचारून, तिच्या मर्जीने लिहून आणावयाच्या. कारण सासुरवासाची एखादी ओवी चारचौघांत नेणे तिला नको असेल. वर "अमक्याची आई" असे नाही, तर तिचे स्वतःचे नाव व माहेरचे गाव लिहावयाचे. पहिल्याच दिवशी वर्गातील निम्म्या पोरांस आजीचे नाव सांगता आले नाही.

तेव्हा बंधुभगिनींनो, आज सांजेला घरातल्या म्हातारीजवळ बसा. आधी तिचे नाव विचारा, मग ओवी.