टंचाईची यंत्रे आणि कारखान्याचे दप्तर

राजसत्तेने आपल्या कीर्तीसाठी लिहवून घेतलेल्या मजकुरापेक्षा तिच्या कारकुनांनी रोजच्या हिशेबापोटी केलेल्या नोंदी इतिहासाला अधिक उपयोगी पडतात, हे महाराष्ट्राला नव्याने सांगायला नको. बखरींच्या रसाळ कथनावर वाढलेल्या वाचकाला वि. का. राजवाडे यांनी घरोघरच्या माळ्यांवर कुजत पडलेल्या मोडी रुमालांकडे वळवले, ते याच जाणिवेने. यंत्रयुगाचेही असे एक दप्तर आहे आणि तेही बहुतांशी अजाणता लिहिले गेले आहे. १९८६-८७ सालच्या ब्यूइक रीगल मोटारीच्या डिकीचे झाकण उचलले, तर त्याच्या आतल्या बाजूला चिकटवलेला एक कागद दिसतो. त्यावर गाडीचा क्रमांक, रंगाचा संकेत आणि खाली तीन-तीन अक्षरांकांच्या ओळी असतात. स्पेअर पार्टच्या खिडकीवर बसलेल्या माणसाने पुढे कधी तरी योग्य तोच भाग काढून द्यावा, एवढ्यासाठी लावलेला हा कागद. आज चार दशकांनंतर गाडी अस्सल की बनावट, आणि म्हणून तिचे मोल किती, याचा निवाडा बऱ्याच अंशी त्याच कागदावर होतो.

या कागदाची वंशावळ लावायची तर १९१३ पर्यंत मागे जावे लागते. हायलंड पार्कच्या कारखान्यात हेन्री फोर्ड यांनी सरकत्या साखळीवर मॉडेल टी जोडायला घेतली, तेव्हा प्रत्येक गाडीची निराळी नोंद ठेवण्याचे फारसे कारणच नव्हते. १९१४ ते १९२५ या काळात ती काळ्याखेरीज दुसऱ्या रंगात मिळत नव्हती, आणि जिथे निवड नाही तिथे निवडीचा कागदही नसतो. १९२३ मध्ये जनरल मोटर्सचे अध्यक्ष झालेल्या आल्फ्रेड स्लोन यांनी मात्र प्रत्येक खिशाला परवडेल अशी वेगळी गाडी आणि दरवर्षी बदलणारे रूप, हे धोरण धरले. पाठोपाठ बाहेर पडणाऱ्या दोन गाड्या एकसारख्या असतीलच, याची खात्री त्याबरोबर संपली. कोणत्या सांगाड्यावर कोणते इंजिन, कोणता गिअरबॉक्स आणि कोणती आसने चढवायची, हे कामगाराला थोडक्यात सांगणारी सांकेतिक भाषा आवश्यक झाली. ‘रेग्युलर प्रॉडक्शन ऑप्शन’, म्हणजे जुन्या गाड्यांच्या जगात सर्वतोमुखी असलेले ‘आरपीओ’ संकेत, ही ती भाषा. बाजाराने ती इतकी आपलीशी केली की १९६७ च्या कॅमेरोवरचा झेड२८ हा कोरडा संकेत पुढे त्या गाडीचे नाव होऊन बसला.

टर्बोचार्जरची कुळकथा याहून जुनी, आणि तिचे नाते पहिल्यापासून टंचाईशी. धुराड्यातून वाया जाणाऱ्या तप्त वायूच्या जोरावर चक्र फिरवून इंजिनात अधिक हवा कोंबावी, ही कल्पना स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये पेटंटच्या रूपाने मांडली. १९१८ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या सॅनफर्ड मॉस यांनी कोलोरॅडोतल्या पाइक्स पीकच्या चौदा हजार फुटांवरील शिखरावर लिबर्टी विमान-इंजिन नेऊन, विरळ हवेत हरवलेली त्याची ताकद याच चक्राने परत आणून दाखवली. दुसऱ्या महायुद्धात बी-१७ बॉम्बफेकी विमाने आणि पी-४७ लढाऊ विमाने उंचावर दम धरू शकली, ती या विद्येच्या बळावर. तिथे हवेची वाण होती. जमिनीवर हे यंत्र आले ते पैशाची आणि पेट्रोलची वाण भासू लागल्यावर, आणि प्रत्येक वेळी सुबत्ता परतताच त्याला निरोप मिळाला.

१९५८ च्या मंदीने आणि आयात होणाऱ्या छोट्या गाड्यांनी डेट्रॉइटला लहान मोटारी बनवायला भाग पाडले. त्या लहान इंजिनांना बळ द्यायला १९६२ मध्ये जनरल मोटर्सने दोन टर्बो गाड्या काढल्या: शेव्हरोलेची कॉर्व्हेअर मॉन्झा स्पायडर आणि ओल्डस्मोबिलची जेटफायर. जेटफायरच्या २१५ घनइंची ॲल्युमिनियम व्ही-८ मधून २१५ अश्वशक्ती निघे. पण कॉम्प्रेशन १०.२५ ला १ इतके चढे ठेवल्यामुळे नॉकिंगचा, म्हणजे इंधन अवेळी पेट घेण्याचा, धोका होता, आणि तो टाळण्यासाठी ऊर्ध्वपातित पाणी व मिथेनॉल यांचे मिश्रण वेगळ्या टाकीतून इंजिनात फवारावे लागे. ती टाकी भरण्याचे काम मालकाचे. मालक विसरत, टाकी कोरडी पडे, मग सुरक्षा-झडप दाब रोखून धरी आणि गाडी सुस्तावे. दोन वर्षांत दहा हजारांच्या आतच जेटफायर बनल्या, आणि पुढे कंपनीनेच टर्बो उतरवून साधा कार्ब्युरेटर बसवून देण्याची सोय केली. यंत्राची शिस्त माणसाच्या आठवणीवर सोपवली की यंत्राच्या नावाने खडे फुटतात, हा तेव्हाचा धडा होता. कारखान्याने त्यातून काढलेले अनुमान मात्र एवढेच, की टर्बो हा नसता उपद्व्याप आहे.

पेट्रोल स्वस्त होते, इंजिने पुन्हा मोठी होत होती, आणि सुबत्तेच्या त्या उन्मादात जनरल मोटर्सने जे विकून टाकले त्याची यादी आज वाचताना थबकायला होते. ॲल्युमिनियमचे ते व्ही-८ इंजिन साठच्या दशकाच्या मध्यास ब्रिटनच्या रोव्हर कंपनीला गेले आणि रेंज रोव्हरसारख्या गाड्यांतून एकविसाव्या शतकात शिरेपर्यंत तिथे नांदले. त्याच घराण्यातले, कंपनीच्या ब्यूइक विभागाचे ओतीव लोखंडाचे व्ही-६ इंजिन १९६७ मध्ये यंत्रसामग्रीसकट कायझर-जीपला विकले गेले, आणि १९७० मध्ये जीपबरोबर ते अमेरिकन मोटर्सच्या हाती पडले. मग १९७३ चा तेलबहिष्कार आला. पंपांपुढे रांगा लागल्या, जड व्ही-८ गाड्या विक्रेत्यांच्या आवारात उभ्या राहिल्या, आणि १९७४ मध्ये ब्यूइकने सात वर्षांपूर्वी अडगळ समजून विकलेली तीच यंत्रसामग्री परत विकत घेतली. टंचाईने शिकवलेली विद्या सुबत्तेत टाकून द्यायची आणि पुढच्या टंचाईत दाम मोजून पुन्हा मिळवायची, या चक्राचे इतके निर्विवाद उदाहरण उद्योगाच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

१९७५ च्या कायद्याने मोटारींच्या सरासरी इंधनवापरावर बंधन घातले आणि त्या परत आणलेल्या व्ही-६ ला टर्बो जोडण्याला धोरणाचे अधिष्ठान मिळाले. १९७८ च्या रीगलमध्ये नॉकिंगची चाहूल लागताच ठिणगीची वेळ मागे सरकवणारा संवेदक होता; जेटफायरच्या मालकाने जे लक्षात ठेवायचे, ते आता इलेक्ट्रॉनिक मंडल लक्षात ठेवू लागले. १९८४ मध्ये क्रमवार इंधन-फवारणी आली, १९८६ मध्ये इंटरकूलर आला, आणि १९८७ च्या काळ्या रीगल ग्रँड नॅशनलमध्ये ३.८ लिटरचे हे सहा नळकांड्यांचे इंजिन २४५ अश्वशक्ती देऊ लागले, तेव्हा त्याच कंपनीच्या कॉर्व्हेटचे व्ही-८ कागदावर २४० वर होते. त्या वर्षी २०,१९३ ग्रँड नॅशनल आणि तिच्या खास आवृत्तीच्या, जीएनएक्सच्या, अवघ्या ५४७ गाड्या बनल्या. पण १९८६ मध्ये तेलाचे भाव कोसळले होते आणि कंपनी पुढच्या चाकांवर चालणाऱ्या नव्या रीगलकडे वळली होती. ११ डिसेंबर १९८७ रोजी मिशिगनमधल्या पाँटिॲक इथल्या कारखान्यातून शेवटची ग्रँड नॅशनल बाहेर पडली आणि चक्राचा आणखी एक फेरा पुरा झाला.

डिकीतल्या कागदाचे महत्त्व इथे कळते. १९८७ मध्ये टर्बो इंजिन केवळ ग्रँड नॅशनलपुरते नव्हते. साध्या रीगलमध्ये आणि ऐषारामी लिमिटेडमध्येही ते मागवता येई, त्यामुळे गाडीच्या अंगावरची अक्षरे आणि काळा रंग यांवरून काहीच सिद्ध होत नाही. कागदावर एलसी२ असेल तर टर्बो इंजिन, डब्ल्यूई२ असेल तर ग्रँड नॅशनल, डब्ल्यूई४ असेल तर वजनाने हलकी टर्बो-टी. जी८० म्हणजे लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल आणि जीयू६ म्हणजे ३.४२ गुणोत्तराचा मागचा आस. सी६० वातानुकूलन सांगतो, ए३१ विजेवरच्या काचा, सीसी१ छताचे निघणारे काचफलक. क्रमांकातले आठवे स्थान इंजिन सांगते आणि या दोन वर्षांत टर्बोसाठी तिथे ७ हवा. दहावे स्थान वर्ष सांगते, १९८६ साठी जी आणि १९८७ साठी एच. वाचता येणाऱ्याला या दहा-बारा ओळींत एका विशिष्ट दिवशी एका विशिष्ट ग्राहकाने काय मागितले, कशावर खर्च केला आणि कशाचा मोह आवरला, याचा पंचनामा मिळतो.

ज्या कागदावर मालमत्ता ठरते त्याची नक्कल होतेच, हाही इतिहासाचा जुना नियम. सम्राट कॉन्स्टंटाइनच्या नावावर खपवलेले, पोपला दिलेले दानपत्र १४४० मध्ये लोरेंझो व्हाल्ला यांनी खोटे ठरवले, ते त्यातली लॅटिन चौथ्या शतकाची असू शकत नाही या आधारावर; १६८१ मध्ये माबियाँ यांनी सनदांची शाई, लिपी आणि शैली तपासण्याचे शास्त्रच रचले. आज रीगलच्या डिकीतला कागद नव्याने छापून मिळतो. रंगकामात मूळ कागद गेलेल्या प्रामाणिक मालकाला तो हवा असतो, आणि साध्या रीगलला काळा रंग फासून ग्रँड नॅशनल म्हणून विकणाऱ्यालाही. म्हणून जाणकार एका पुराव्यावर थांबत नाहीत. डिकीतला कागद, आसनाखाली किंवा गालिच्याखाली राहून गेलेले कारखान्याचे बांधणीपत्रक, इंजिनच्या ब्लॉकवर ठोकलेला क्रमांकाचा अंश आणि काचेमागची पट्टी, असे चार साक्षीदार समोरासमोर उभे करून ते उलटतपासणी घेतात. माबियाँना ही पद्धत अनोळखी वाटली नसती.

जीर्णोद्धाराचा वादही असाच वारसाहक्काने आला आहे. एकोणिसाव्या शतकात वास्तुविशारद व्हिओले-ल्यु-द्युक पूर्वी कधीही नसेल इतक्या परिपूर्ण रूपात वास्तू उभी करू पाहत होते, आणि कलासमीक्षक रस्किन यांना तसला जीर्णोद्धार हा निव्वळ विध्वंस वाटत होता. अनुमान जिथे सुरू होते तिथे हात थांबवावा, असा मध्यम मार्ग १९६४ च्या व्हेनिस सनदेने घालून दिला. टर्बो रीगल दुरुस्त करणारा कारागीर हाच प्रश्न रोज सोडवतो. दाब भरलेल्या इंजिनात ब्रेकला लागणारी निर्वात ओढ भरवशाची नसते, म्हणून या गाड्यांना विजेच्या पंपावर चालणारे पॉवरमास्टर ब्रेक-यंत्र दिले होते. वयोमानाने ते दगा देते. संकेतांशी निष्ठा राखायची तर तेच दुरुस्त करून बसवायचे, आणि जिवाची काळजी करायची तर निर्वात बूस्टर लावून मूळ भाग खोक्यात जपून ठेवायचा. कॅमच्या चाकावरचे ठिसूळ होणारे नायलॉनचे दात बदलून पोलादी चाक घालण्याबद्दल मात्र कोणी वाद घालत नाही. अस्सलता जपताना इंजिनाचाच बळी द्यावा, असे व्हेनिस सनदेनेही सांगितलेले नाही. बदल केला तो लिहून ठेवला, मूळ भाग टाकला नाही आणि परतीची वाट मोकळी राखली, तर इतिहासाशी प्रतारणा होत नाही.

दप्तर जपण्याची बुद्धी सगळ्यांना सारखी सुचली नाही. जनरल मोटर्सच्याच पाँटिॲक विभागाच्या बांधणीनोंदी टिकल्या आणि आज मालकाला क्रमांकावरून आपल्या गाडीचा कागद मागवता येतो. फोर्डच्या १९६७ पासूनच्या नोंदींचीही तशी सोय आहे. अमेरिकेत बनलेल्या शेव्हरोले गाड्यांसाठी असे सर्वंकष दप्तर मागे उरले नाही, त्यामुळे त्या मालकांना गंजलेल्या पेट्रोलटाकीवर चिकटलेल्या कागदाचे तुकडे सोडवत बसावे लागते. एकाच महामंडळाच्या दोन विभागांची ही तफावत बुद्धिपुरस्सर नव्हती. कोणत्या कपाटाला कोणी किल्ली लावली, एवढाच तो योगायोग.

२००८ मध्ये तेल पुन्हा भडकले आणि टर्बो तिसऱ्यांदा आला. फोर्डने २०११ च्या एफ-१५० पिकअपमध्ये ट्विन-टर्बो व्ही-६ दिले, आणि आता अमेरिकी रस्त्यावरच्या सामान्य कुटुंबाच्या गाडीतही टर्बो असणे नवलाचे राहिलेले नाही. यंत्र परतले, पण त्याचे दप्तर बदलले आहे. जनरल मोटर्सच्या अलीकडच्या गाड्यांत डोळ्यांनी वाचायच्या संकेतयादीची जागा यंत्राने वाचायच्या क्यूआर चौकटीने घेतली. त्याहून गंभीर म्हणजे गाडीचे कित्येक गुणधर्म आता सॉफ्टवेअरने ठरतात आणि विक्रीनंतरही दुरून बदलता येतात, त्यामुळे कारखान्यातून निघाली तेव्हा गाडी नेमकी काय होती, याचे उत्तर पत्र्यात आणि लोखंडात सापडेलच असे नाही. मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी २०१२ आणि २०२० मध्ये दुरुस्तीसाठीची माहिती मालकाला मिळावी म्हणून कौल दिला, तो या बदलाची चाहूल लागल्यामुळेच. आपल्यालाही हा प्रश्न परका नाही: मुंबईत शिवडीला १९२८ पासून शेव्हरोले जोडणारी जनरल मोटर्स १९५४ मध्ये गेली, आणि पुन्हा येऊन तळेगावात कारखाना काढून २०१७ अखेर तिने भारतातली विक्री थांबवली. कंपन्या येतात-जातात, गाड्या मागे राहतात आणि त्यांना कागद लागतात.

म्हणून बांधणीच्या वेळचे संकेत आणि सॉफ्टवेअरची मूळ प्रत ठरावीक वर्षांनंतर सार्वजनिक संग्रहात जमा करण्याचे बंधन मोटार-उद्योगावर असले पाहिजे, आणि ते गाड्या रस्त्यावर आहेत तोवरच घालता येईल. १९७४ मध्ये ब्यूइकला आपले इंजिन परत घेता आले, कारण त्याची यंत्रसामग्री कोणा दुसऱ्याच्या कारखान्यात शाबूत होती. पुसून टाकलेल्या नोंदींच्या बाबतीत असा दुसरा कोणी नसतो, आणि पुढच्या टंचाईत दाम मोजायची तयारी असूनही विकणाराच सापडणार नाही.