कौल फिरतो, अर्थ कोण लावतो?

१. २०२४ साली सेलूकरांनी साडेपाच महिन्यांत दोन उलटे निकाल पाहिले. जूनमध्ये परभणी लोकसभेत महायुतीचे महादेव जानकर लाखाहून जास्त मतांनी पडले आणि ठाकरे गटाचे संजय जाधव तिसऱ्यांदा खासदार झाले. नोव्हेंबरात जिंतूर-सेलूने भाजपच्या मेघना बोर्डीकर यांना पुन्हा आमदार केलं. राज्यातही तेच झालं. लोकसभेच्या ४८ पैकी ३० जागा महाविकास आघाडीला गेल्या, तर विधानसभेच्या २८८ पैकी २३० महायुतीला. यावर चौकात ठरलेलं उत्तर मिळतं: जूनमध्ये लोक जातीवर गेले, नोव्हेंबरात पैशावर. म्हणजे दोन्ही वेळा खोट मतदारातच. हे मला साफ अमान्य आहे.

२. शेजारचं नांदेड बघा. खासदार वसंतराव चव्हाण यांच्या निधनामुळे तिथली लोकसभा पोटनिवडणूक विधानसभेबरोबर, २० नोव्हेंबरलाच झाली. त्या लोकसभा मतदारसंघातल्या सहाही विधानसभा जागा महायुतीने जिंकल्या आणि खासदार मात्र काँग्रेसचे रवींद्र चव्हाण झाले, १,४५७ मतांनी. एकाच दिवशी, एकाच केंद्रात, दोन यंत्रांवर हजारो लोकांनी वेगवेगळी बटणं दाबली. दिल्लीसाठी वेगळा आणि मुंबईसाठी वेगळा विचार करणाऱ्याला ‘विकला गेला’ म्हणणं हा त्याचा अपमान आहे.

३. लाटेची उंची जागांवरून मोजू नये. लोकसभेला दोन आघाड्यांच्या मतांत एक टक्क्याचाही फरक नव्हता, तरी जागा ३० आणि १७. विधानसभेला जवळजवळ निम्म्या मतांवर महायुतीला ८० टक्के जागा मिळाल्या. आपली पद्धतच अशी आहे की मतांचा थोडा कल जागांमध्ये पूर होऊन येतो.

४. आता खरा मुद्दा. मत फिरतं तेव्हा त्याच्यासोबत कारण लिहून जात नाही. यंत्रावर फक्त चिन्ह असतं. मग कारण सत्ताधारी लावतात, आणि स्वतःला सोयीचं लावतात.

मराठवाड्यात जूनमध्ये लोक का फिरले? आंतरवाली सराटीत १ सप्टेंबर २०२३ ला मराठा आरक्षणाच्या आंदोलकांवर झालेल्या लाठीमाराचा राग होता, हे खरं. जालन्यातून सलग पाच वेळा निवडून आलेले रावसाहेब दानवे त्यात वाहून गेले. पण सोयाबीन आणि कापसाचा पडलेला भाव हेही तितकंच मोठं कारण होतं. निकालानंतर चोवीस दिवसांनी, २८ जूनला, अर्थसंकल्पात लाडकी बहीण योजना आली. महिना दीड हजार रुपये. त्या पैशात कित्येक घरांत तेल-मीठ आलं, पोरांच्या वह्या आल्या. त्या बायांच्या हक्काचे ते पैसे आहेत आणि त्यांना कोणी हिणवू नये. शेतमालाचा भाव मात्र होता तिथेच राहिला.

त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि बाजारात दर चार हजारांच्या आसपास घुटमळत होता. हमीभाव केंद्रावर माल नेला की मूठभर दाणे ओलावा मोजायच्या यंत्रात टाकायचे. आकडा १२ च्या वर गेला की माल नापास. परतीच्या पावसात भिजलेल्या सोयाबीनचा आकडा बाराखाली येणार कसा? मग तीच पोती, तोच टेम्पो, आणि अडत्याकडे मिळेल तो भाव. केंद्र सरकारने ही मर्यादा १५ टक्के केली ती १५ नोव्हेंबरला, मतदानाला पाच दिवस उरले असताना. म्हणजे नियम बदलता येत होता. दोन्ही निवडणुका मागे पडल्यावर, १९ ऑगस्ट २०२५ पासून, कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क वर्षअखेरपर्यंत माफ झालं. कापड उद्योगाची सोय झाली. आमचा कापूस तेव्हा बोंडात यायचा होता. दोन्ही निर्णय शेजारी ठेवून बघा.

५. कारण लोकांनीच लावून धरलं तर काय होतं, हे ऑस्ट्रेलियात दिसलं. तिथल्या क्वीन्सलँड राज्यात २०१२ साली सत्ताधारी लेबर पक्ष ८९ पैकी अवघ्या ७ जागांवर आला. तीनच वर्षांनी लोकांनी नव्या सरकारलाही घरी बसवलं. मुख्यमंत्रिपदावरचे कॅम्पबेल न्यूमन स्वतःच्या जागेवर हरले. दोन्ही वेळा एक मोठं कारण तेच होतं: सरकारी मालमत्ता खासगी हातात देणं. कामगार संघटनांनी ते कारण इतकं लावून धरलं की दुसरा अर्थ काढायला वाव उरला नाही, आणि २०१५ ला परत आलेल्या लेबरने मालमत्ता विकणार नाही असा शब्द देऊनच मतं मागितली होती. तिथे मतदान सक्तीचं आहे, त्यामुळे कोण आलं नाही म्हणून निकाल फिरला, ही पळवाटही फारशी चालत नाही.

६. असं कारण लावून धरणं आपल्याला जमणार नाही असं कोणी म्हणू नये. जिंतूर-सेलूचा २०२४ चा निकाल साडेचार हजारांच्या आसपास मतांचा. २०१९ चा त्याहूनही कमी. सव्वादोन हजारांवर थोड्या लोकांनी इकडचं मत तिकडे टाकलं असतं तर आमदार बदलला असता. एवढी ताकद सेलू तालुक्यातल्या चार-दोन मोठ्या गावांत आहे. केंद्रनिहाय मतं नमुना २० मध्ये छापली जातात, राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर कोणालाही बघता येतात. पक्षाचे लोक तो कागद बारकाईने वाचतात, गावानेही वाचावा. आपल्या केंद्रावर लोकसभेला काय झालं, विधानसभेला काय झालं, आणि का, हे ग्रामसभेत बोलावं आणि ठरावात लिहावं: ओलाव्याची मर्यादा हंगामाच्या सुरुवातीलाच ठरवा, खरेदी केंद्र दिवाळीआधी उघडा, निम्न दुधना धरणाच्या पाण्याची पाळी आधी जाहीर करा. ठरावाची एक प्रत आमदारांना, एक खासदारांना. एक सत्तेत, एक विरोधात. उत्तर दोघांनीही द्यायचं आहे.

७. आणि निवडणूकच झाली नाही तर कौल फिरणार कुठे? राज्यातल्या नगरपरिषदा कित्येक वर्षं प्रशासकांच्या हाती होत्या. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ ला आदेश दिला, तेव्हा कुठे डिसेंबरात मतदान झालं. नळाला पाणी किती दिवसांनी येतं हे विचारायला त्या काळात सेलूकराला नगरसेवकच नव्हता. मुदत संपण्याआधी निवडणूक घ्यावी असं घटनेत लिहिलेलं आहे. पुढच्या वेळी मुदतीच्या सहा महिने आधीच सेलूतल्या व्यापारी, शिक्षक, वकील मंडळींनी तहसीलवर निवेदन घेऊन जावं, पक्ष कोणताही असो.