गांडूळ कोणाचा मित्र?

मराठी शाळेत शिकलेल्या कोणासमोरही 'गांडूळ' हा शब्द उच्चारावा, 'शेतकऱ्याचा मित्र' हे पुढचे दोन शब्द आपोआप येतात. याच भाषेत कणाहीन माणसाला हिणवायलाही आपण गांडूळच म्हणतो, आणि या विसंगतीचे कोणाला फारसे आश्चर्य वाटत नाही. असो. आमचा मुद्दा या पदवीविषयी आहे. एखाद्या प्राण्याला बहाल केलेली पदवी पिढ्यान्‌पिढ्या पाठ होत गेली, की त्या प्राण्याकडे पाहण्याची गरजच उरत नाही. आणि पाहणे संपले, की उरते ते केवळ सुभाषित.

गांडुळाची कीर्ती जगभर पसरवणारा डार्विन मात्र पाहणारा माणूस होता. इंग्लंडच्या केंट परगण्यात, आपल्या घराशेजारच्या कुरणाच्या एका भागावर त्याने १८४२ साली खडूचे तुकडे पसरवले आणि तब्बल २९ वर्षे वाट पाहून १८७१ साली तेथे चर खणला. खडूचा पांढरा थर सात इंच खोल गेलेला आढळला. वरची सारी माती गांडुळांच्या विष्ठेतून घडली होती. १८८१ सालच्या त्याच्या ग्रंथात हे सारे आले आहे. या निरीक्षणाची थोरवी कमी लेखण्याचे कारण नाही. पण ते केंटच्या कुरणाचे निरीक्षण होते, आणि केंटमध्ये गांडूळ मूळचाच रहिवासी. पुढे पाठ्यपुस्तकांनी कुरण गाळले, परगणा गाळला आणि निष्कर्ष तेवढा ठेवला.

उत्तर अमेरिकेतील महासरोवरांच्या परिसरात हाच निष्कर्ष उलटा पडतो. तो सारा प्रदेश शेवटच्या हिमयुगात बर्फाखाली होता. सुमारे दहा-बारा हजार वर्षांपूर्वी बर्फ मागे हटला, त्यावर शुगर मेपलची अरण्ये उभी राहिली, आणि ती गांडुळांवाचूनच उभी राहिली. तेथे पडलेली पाने बुरशीच्या आधाराने सावकाश कुजत, वर्षानुवर्षांचे थर साचत आणि जमिनीवर काही इंच जाडीची मऊ गादी तयार होई. रानातील बिया तिच्यातच रुजत. युरोपातून आलेल्या वसाहतकारांबरोबर, रोपांच्या मुळांशी असलेल्या मातीतून आणि जहाजे स्थिर राहावीत म्हणून तळाशी भरलेल्या मातीतून, गांडुळे आली. पुढे मासे गळाला लावणाऱ्यांनी उरलेले आमिष तळ्याकाठी टाकून त्यांचा प्रवास आणखी सोपा केला. एरवी रानात त्यांची आघाडी वर्षाला जेमतेम पाच ते दहा मीटर सरकते. पण जेथे ती पोहोचते तेथे पानांची गादी काही वर्षांतच नाहीशी होते.

मिनेसोटातील चिपेवा राष्ट्रीय वनात सिंडी हेल, ली फ्रेलिच आणि पीटर राइश यांनी ही सरकती सीमा गाठून तिच्या दोन्ही बाजूंची वनस्पती मोजली. अलीकडे थर जाड, झाडोरा विविध. पलीकडे माती उघडी, मेपलची कोवळी रोपे विरळ. मायकेल गंडाले यांना तेथेच गॉब्लिन फर्न या इवल्याशा नेच्याचे ठिकाणे सोडून जाणे गांडुळांच्या एका जातीशी जोडलेले आढळले. हे नेचे कित्येकदा पानांच्या थराबाहेर डोकेही काढत नाही. थर गेला की त्याचे घरच गेले. उलट गांडुळांनी भरलेल्या मातीत एक बारीक लव्हाळ्यासारखी वनस्पती आणि 'अरिसीमा ट्रायफिलम' तग धरून राहतात. हे दुसरे झाड म्हणजे आपल्या सह्याद्रीतील सापकांद्याचे सख्खे भावंड.

गंमत अशी, की त्या रानाच्या कडेला एखादे शेत असेल, तर त्यात हेच गांडूळ माती भुसभुशीत करत असते. कुंपणाच्या अलीकडे मित्र, पलीकडे घात. मैत्री हा गांडुळाचा गुण नव्हेच. ते जागेशी जडलेले नाते आहे.

येथे मराठी समीक्षकाचे कान टवकारतील, कारण 'देशी' आणि 'परकी' हे शब्द भालचंद्र नेमाडे यांच्या मांडणीपासून आपल्याकडे तापलेलेच आहेत. आमच्या मते या उदाहरणाकडे देशीवादाचा दाखला म्हणून धाव घेणे घाईचे होईल. चिपेवा वनाच्या क्षेत्रातच ओजिब्वे लोकांचे लीच लेक हे राखीव क्षेत्र येते. वसंतात मेपलचा रस काढून साखर करण्याची त्यांची परंपरा वसाहतीहून जुनी आहे. 'परक्या' गांडुळाची चिंता आज वाहणाऱ्यांत पुष्कळ जण त्याच वसाहतकारांचे वंशज आहेत. तेव्हा गांडुळावरून माणसांवर उडी मारणाऱ्या रूपकाने तेथे पहिल्याच पावलाला ठेच खावी. वनस्पतिशास्त्रातील 'देशी' हा शब्द अभिमानाचा नाही. कोण कोणाबरोबर किती काळ वाढले, याची ती नोंद आहे.

मिनेसोटाचा धडा जसाच्या तसा सह्याद्रीला लावणे हीही तीच जुनी चूक. आपल्या मातीत मूळची गांडुळे आहेत, पानेही वेगळ्या गतीने कुजतात. पण आपल्याकडेही सारी गांडुळे एक नाहीत. गांडूळखताच्या वाफ्यात सोडली जाणारी 'आयसेनिया फेटिडा' युरोपातली, 'युड्रिलस युजिनी' आफ्रिकेतली. 'पोंटोस्कोलेक्स कोरेथ्रुरस' मूळची दक्षिण अमेरिकेची, आणि ती पश्चिम घाटात, विशेषतः मळ्यांच्या आणि माणसाने उलथापालथ केलेल्या जमिनींत, केव्हाच स्थिरावली आहे. मराठी मजकुरात या सगळ्या जाती बहुधा एकाच नावाखाली येतात, तेही मित्र म्हणून. निसर्गलेखनात आणि हल्लीच्या पर्यावरणकेंद्री समीक्षेत 'माती' हा शब्द इतक्या भक्तिभावाने येतो, की तिच्यात कोण राहते हे विचारणे अरसिकपणाचे वाटावे!

विचारण्याची रीत फार अवघड नाही. मिनेसोटातील निरीक्षक चार लिटर पाण्यात मूठभर मोहरीची पूड कालवून आखलेल्या चौकोनावर ओततात. गांडुळे वर येतात, ती मोजतात. त्याच चौकोनातील झाडे दरवर्षी त्याच दिवसांत मोजतात. काही चौकोनांना हरणांसाठी कुंपण घालावे लागते, कारण रोप गांडुळाने गेले की हरणाने, हे एरवी कळत नाही. कोकणात किंवा मावळात एखाद्या गावच्या जमिनीवर कोणी हे करू लागले, तर सुरुवात जूनमध्ये, सापकांदा जमिनीतून वर येतो तेव्हा करता येईल. आणि साहित्याच्या विद्यार्थ्याने त्याच फेरीत गावातल्या जाणत्यांना विचारावे, की पावसात बाहेर येणाऱ्या या जिवांना त्यांच्याकडे किती वेगवेगळी नावे आहेत.