काढून टाकलेला जिना

जुनी वास्तू जतन करायची म्हणजे ती पहिल्या मालकाच्या काळात होती तशी करायची, असे आपण धरून चालतो. नंतर राहिलेल्यांनी घातलेल्या भिंती आणि फासलेले रंग खरवडून काढायचे. डब्लिनच्या १४, हेन्रिएटा स्ट्रीट या घराच्या बाबतीत तसे झाले नाही, आणि ते योग्यच झाले असे माझे मत आहे.

हे घर १७४० च्या दशकाच्या अखेरीस ल्यूक गार्डिनरने बांधले. ब्रिटनच्या गादीवर जॉर्ज नावाचे राजे होते त्या काळातली ही शैली, म्हणून जॉर्जियन. बाहेरून विटांची साधी, सपाट भिंत आणि मापात बसवलेल्या उंच खिडक्या. थाट सगळा आत. दारातून शिरले की भव्य जिना, तो चढून पाहुण्यांनी वरच्या दालनांत जायचे. नोकरांचा जिना वेगळा, मागच्या बाजूला. कामाची जागा तळघरात. कोणी कुठून चालायचे हे नकाशातच ठरलेले होते.

१८०१ मध्ये आयर्लंडची वेगळी संसद संपली आणि सरदारमंडळींनी हळूहळू शहर सोडले. मोठ्या दुष्काळानंतर कर्जात बुडालेल्या जमीनदारांच्या इस्टेटी विकणारे न्यायालय याच घरात बसले. मग सैनिक आले. १८७७ मध्ये थॉमस व्हान्सने तो भव्य जिना काढून टाकला, ती जागाही खोल्यांसाठी वापरली आणि घराची १९ बिऱ्हाडे केली. १९११ च्या जनगणनेत इथे १०० माणसे राहत होती. श्रीमंतांचा जिना गेला, नोकरांचा तेवढा टिकला.

भाडेकरूंच्या काळात येण्याजाण्याच्या वाटेवरच्या भिंतींना गेरूसारखा लाल आणि 'रेकिट्स ब्लू' हा निळा रंग असे. रेकिट ही कपड्यांच्या निळीची कंपनी. आपल्याकडची रॉबिन नीळही तिचीच. शेवटची कुटुंबे १९७० च्या दशकाच्या अखेरीस बाहेर पडली. पुढे डब्लिन महापालिकेने घर दुरुस्त केले आणि २०१८ मध्ये तिथे संग्रहालय उघडले. हे रंग आणि ही बिऱ्हाडे त्यात राखली आहेत.

कोणी म्हणेल, सुंदर जिना पुन्हा बांधायला हवा होता. पण तसा जिना पाहायचा असेल तर त्याच रस्त्यावर ९ क्रमांकाच्या घरात तो आहे. शंभर माणसांनी एका घरात संसार कसे केले, हे तिथे दिसणार नाही.

याचा अर्थ दारिद्र्याचे कौतुक करावे असा नाही. १९१३ मध्ये डब्लिनच्याच चर्च स्ट्रीटवर अशी भाड्याची दोन घरे कोसळून ७ जण मेले. भिंतीवरचा तो निळा रंग जपायचा तो या मृत्यूंसकट, आठवणी गोड करण्यासाठी नव्हे.

आपल्याकडे वाड्यावर पाटी लागते ती बांधणाऱ्याच्या नावाची. तो तिथे किती वर्षे राहिला आणि भाडे भरणारी बिऱ्हाडे किती पिढ्या राहिली, याचा हिशेब कोणी मांडत नाही. इमारत पडायला आली की भाडेकरूंचे नाव फक्त पुनर्विकासाच्या यादीत येते, आणि तिथेही ते सिद्ध करावे लागते. घर कोणी बांधले हा इतिहास आहेच. पण ते कोणी वापरून झिजवले, हाही त्याच घराचा इतिहास आहे, आणि तो लिहून ठेवण्याची जबाबदारी आपल्याकडे अजून कोणी घेतलेली दिसत नाही.