सेल्फ बदलण्याआधी

नववीच्या विज्ञानात ओहमचा नियम शिकवताना आम्ही हल्ली लाँचीचे उदाहरण देतो, कारण बाकावरच्या निम्म्या मुलांच्या घरात तोच विषय चाललेला असतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. लाँच दोन महिने उभी. मग ऑगस्टच्या तोंडावर नाखवा चावी फिरवतो आणि इंजिन नुसते ‘टक्’ करून गप्प बसते. “सर, अब्बा म्हणतात सेल्फ गेला,” असे मुलगा सांगतो. सेल्फ खोलून रत्नागिरीला जातो, दुरुस्तीचे पैसे भरले जातात, परत बसवल्यावर तोच ‘टक्’! मोसमाचे पहिले दिवस असे गेले तर घरातल्या तंगीचा हिशेब आईलाच करावा लागतो.

सेल्फ क्वचितच दोषी असतो. जुन्या लाँचीवर बहुतेक वेळा दोष जोडात असतो. सेल्फ फिरताना दोनशे अँपिअर वा त्याहूनही जास्त विद्युतधारा ओढतो. वाटेतल्या एखाद्या गंजलेल्या टर्मिनलचा रोध फक्त ०.०१ ओहम असला तरी दोनशे अँपिअरला तिथेच २ व्होल्ट खर्ची पडतात. बारापैकी दोन वाटेतच गेले, मग सेल्फने जोर आणायचा कुठून? वरून टर्मिनल घट्ट दिसते, दिवेही लागतात, कारण दिव्याला अँपिअर लागतात ते दोन-चारच. म्हणून ‘लाइट लागते म्हणजे बॅटरी ठीक’ हा निष्कर्ष चुकीचा.

साधा मल्टिमीटर घ्यावा. रात्रभर स्वस्थ राहिलेली चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२.० दाखवली तर ती बरीच रिकामी आहे, आधी चार्ज करावी. आता इंजिन चालू होऊ नये म्हणून स्टॉपचा दांडा ओढून धरावा आणि एकाला सेल्फ मारायला सांगावे. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर (क्लॅम्पवर नव्हे, खुद्द खुंटीवर), दुसरी इंजिनच्या स्वच्छ घासलेल्या लोखंडावर. अर्ध्या व्होल्टच्या आत आकडा आला तर अर्थ ठीक. जास्त आला तर एकेक जोड पुढे सरकत मोजावे. जिथे आकडा उडी मारतो तो जोड गुन्हेगार. हेच पॉझिटिव्ह बाजूला, खुंटीपासून सेल्फच्या मोठ्या बोल्टपर्यंत. दोन्ही वाटा निर्दोष आहेत, बॅटरीही सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली कोसळत नाही, आणि तरी सेल्फ फिरत नाही, तेव्हाच तो खुशाल खोलावा. २४ व्होल्टच्या लाँचीवर बॅटरीचे आकडे दुप्पट धरावेत.

सापडलेला जोड खोलून पॉलिश पेपरने चकचकीत करावा, घट्ट आवळावा आणि मग वरून व्हॅसलिन लावावे. आधी नव्हे. वायरचे आवरण थोडे सोलून पाहावे: आत तांबे काळे पडले असेल तर खारे पाणी केव्हाच आत शिरले आहे. तेवढा तुकडा कापून टाकण्याला पर्याय नाही.

इंजिन चालू झाल्यावर बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट यायला हवेत. येत नसतील तर आधी पट्टा बघावा. सैल पट्टा काळा भुगा पाडतो. मात्र अल्टरनेटर चार्ज करतो का हे बघण्यासाठी चालू इंजिनावर बॅटरीची वायर काढून पाहण्याची जी पद्धत बंदरावर आहे, ती सोडून द्यावी. अल्टरनेटरचे डायोड त्यानेच जळतात.

दुसरी एक सवय अधिक घातक. सेल्फच्या दोन बोल्टांवर पाना टेकवून ठिणगी पाडणे. चार्ज होणारी बॅटरी हायड्रोजन सोडते. लाँचीवर स्वयंपाकाचा सिलिंडर असतो, आणि तो गॅस हवेहून जड, गळला तर तळाशी इंजिनखोलीतच साचतो. आधी झाकण उघडून वारा खेळू द्यावा, मगच हात घालावा. बॅटरी काढताना निगेटिव्ह आधी, लावताना शेवटी.

जुने डिझेल इंजिन एकदा चालू झाले की बहुधा विजेशिवायही चालत राहते. म्हणूनच खलाशी या दोषाकडे दुर्लक्ष करतात. पण जाळे ओढायला इंजिन बंद केले, वारा किनाऱ्याकडचा आहे, खाली खडक आहेत आणि सेल्फ ‘टक्’ म्हणतो, तेव्हा मल्टिमीटर घरी कपाटात असून उपयोग नाही. तो, जादा फ्यूज आणि एक पट्टा डब्यात घालून लाँचीवरच ठेवावा. वायरलेससाठी वेगळी बॅटरी ठेवावी, म्हणजे सेल्फने पहिली संपवली तरी चॅनेल १६ वर हाक मारता येईल.