उंची मोजू नका, खालची घरं मोजा

महाड-पोलादपूरच्या डोंगरात ओढा अडवून हौसेचं तळं करणाऱ्या प्रत्येक मालकाला माझा एकच प्रश्न आहे : बांध फुटला तर पाणी कोणाच्या दारात जाईल? ‘बांध छोटा आहे, जागा आमची आहे’ हे त्याचं उत्तर नव्हे. जागा तुमची असेल. खालची वाडी तुमची नाही.

दुर्दैव असं की कायदाही मालकाचीच बाजू घेतो. 2021चा धरण सुरक्षा कायदा 15 मीटरहून उंच धरणांना लागू आहे. उंची 10 ते 15 मीटर असेल, तर 500 मीटर लांबी, दहा लाख घनमीटर साठा किंवा तशीच एखादी अट पूर्ण व्हावी लागते. धोक्याची वर्गवारी, पावसाळ्याआधीची आणि नंतरची तपासणी, आपत्कालीन आराखडा हे सगळं एवढ्याच धरणांपुरतं. नऊ मीटरच्या बांधाखाली शाळा असली तरी तो कायद्याच्या बाहेर! भिंत मोजली, माणसं मोजलीच नाहीत.

अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या टोकोआचं केली बार्न्स धरण एका खासगी धार्मिक संस्थेचं होतं. वीजनिर्मिती बंद पडली आणि मागे विरंगुळ्याचं तळं उरलं. उंची जेमतेम 12 मीटर, साठा दहा लाख घनमीटरच्या आत. 6 नोव्हेंबर 1977च्या पहाटे ते फुटलं आणि 39 माणसं गेली. आपल्या कायद्याच्या उंची, लांबी, साठा या निकषांत ते बसलंच नसतं. जॉर्जियाने पुढच्याच वर्षी कायदा केला आणि धरण फुटल्यास खाली जीव जातील का, यावर त्याची वर्गवारी ठरवली.

आणि आपला पाऊस? सावित्री उगम पावते त्या महाबळेश्वरात जुलै 2021मध्ये एका दिवसात 594 मिलीमीटर कोसळला. त्याच वेळी महाड बुडालं आणि तळीयेत दरडीखाली ऐंशीहून अधिक माणसं गाडली गेली. मातीच्या बांधावरून पाणी वाहू लागलं की माथा कापत जातो. मग बांध वाचत नाही. म्हणून सांडवा मोकळा हवा. हौशी मालक मात्र मासे निसटू नयेत म्हणून तिथेच जाळी ठोकतो. श्रीमंतांच्या मासेमारी क्लबने अमेरिकेत साऊथ फोर्क धरणावर हेच केलं होतं. कचऱ्याने जाळ्या तुंबल्या, 31 मे 1889ला धरण फुटलं आणि जॉन्सटाऊन परिसरात 2,209 बळी गेले.

चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण तर सरकारी होतं. ग्रामस्थांनी गळतीच्या तक्रारी केल्या होत्या. तरी 2 जुलै 2019च्या रात्री ते फुटलं, वीसहून अधिक जीव गेले आणि जलसंधारणमंत्र्यांनी खेकड्यांवर खापर फोडलं. सरकारी धरणाची ही गत, तर कुठल्याही यादीत नसलेल्या बांधाकडे कोण बघणार?

तहसीलदारांनी ग्रामपंचायतवार प्रत्येक खासगी बांधाची नोंद करावी. वर्गवारी खालच्या वस्तीवरून ठरवावी. एकही जीव जाण्याची शक्यता असेल, तर तो बांध सर्वाधिक धोक्याचाच. त्याची तपासणी मालकाने स्वखर्चाने तज्ज्ञ अभियंत्याकडून करून घ्यावी आणि अहवाल ग्रामसभेत वाचावा. हे जमत नसेल, तर पावसाळ्याआधी तळं रिकामं करून प्रशासनाच्या देखरेखीखाली बांध काढून टाकावा. हौस त्याची आहे, तर जोखीमही त्याचीच. वाडीवर ती लादण्याचा अधिकार त्याला कोणी दिलेला नाही.